आधी बोला, मग जेवा

वैशाखातला रविवार. रस्त्यावरचं डांबर चपलेला धरून ठेवत होतं, आणि मी आपला कूलरच्या जाळीत भरायला वाळा मिळतो का बघत बळीराम पेठेत हिंडत होतो. वाळा मिळाला नाही. चपला मिळाल्या. माझ्या दोस्ताच्या, बन्सीलालच्या घराचा जिना थेट रस्त्यावर उघडतो, आणि त्याच्या पहिल्या पायरीपाशी त्या पडलेल्या होत्या. माणसाचा चेहरा एकवेळ चुकेल, पण ज्या चपला वर्षानुवर्षं दर रविवारी आपल्याच उंबऱ्याबाहेर बघितल्या त्या कशा चुकतील? हे रुपचंदचे बूट. औषधकंपनीचा माणूस, सुट्टीच्या दिवशीसुद्धा पॉलिश केल्याशिवाय धुळ्याहून निघत नाही. ह्या कुंदाताईंच्या सँडल, डाव्या पट्ट्याला चांभाराचा काळा टाका. आणि एक दुसरीवर चढलेली, कधी नीट काढून ठेवलेली नाही, ती पितांबरची. फिजिक्स शिकवतो कॉलेजात, पण दोन चपला शेजारी ठेवता येत नाहीत. मी त्यांच्याकडे बघत उभा राहिलो, जसं काही त्या मला ओळख देतील. मग वरच्या उघड्या खिडकीतून पिशवीत चकत्या खुळखुळल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ पितांबरचा, वर्गात बोलतो तसला: "समोर तापी. पूर आहे. काय करता?" तापी माझी होती. पूरही माझाच होता.

आता हे काय प्रकरण आहे ते सांगायला हवं, कारण जळगावात आम्हा पाचजणांखेरीज कुणाला ते कधी धड कळलं नाही. असोद्याच्या माझ्या सासऱ्यांना तर शेवटपर्यंत वाटत होतं की जावई एकतर भजनी मंडळ चालवतो, नाहीतर जुगाराचा अड्डा. झालं असं की बन्सीलालचा अमेरिकेतला मेहुणा एका लग्नाला आला होता, तो जाताना हिरव्या पुठ्ठ्याचं एक जाड पुस्तक विसरून गेला. ते एका खेळाचं पुस्तक होतं. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं सांगायचं आणि बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं. सांगणारा म्हणतो, समोर जंगल आहे, काय करता? ज्यानं त्यानं आपापल्या माणसाच्या वतीनं सांगायचं, मी झाडावर चढतो, मी पळतो, मी हाक मारतो. जमलं की फसलं ते आकड्यावर. पुस्तकात त्यासाठी वीस बाजूंचे फासे सांगितले होते. ते जळगावात कुठून आणणार? बन्सीलालच्या बायकोच्या, लताबाईंच्या, महिला मंडळातल्या हाऊजीच्या चकत्या आम्ही एका कापडी पिशवीत भरल्या, वीसपर्यंतच्या, आणि चालू पडलो. पुस्तकातले राक्षस आणि उडते साप मी काढून टाकले. त्यांच्या जागी मी खान्देशातल्या फारुकी सुलतानांचा काळ आणला, थाळनेरहून निघून तापीच्या काठाकाठानं बऱ्हाणपूरला चाललेला एक तांडा. रुपचंद घोड्यांचा व्यापारी. कुंदाताई वैदूबाई. पितांबर मुनशी. आणि झुरळाला घाबरणारा बन्सीलाल तलवारबाज. सांगणारा मी. मी पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात ट्रेसर आहे. साहेबानं काढलेला कालवा कापडावर जसाच्या तसा उतरवायचा, हे माझं काम. त्या कामाला कुणी चांगलं म्हणत नाही, वाईट म्हणत नाही, जुळलं की नाही एवढंच बघतात. मग जन्मात एकदा जी गोष्ट मी कोऱ्या जागेवर काढली ती हा तांडा होता, आणि माणसाला वाटणारच ना हो, की ती कशी झालीय हे कुणीतरी सांगावं?

सांगायचे ना. दर रविवारी सांगायचे. आमच्या पिंप्राळ्याच्या दोन खोल्यांत दुपारी खेळ सुरू व्हायचा, दिवे लागायच्या सुमारास संपायचा, आणि मग कमल पानं वाढायची. कमल, माझी बायको. तिच्या माहेरची, असोद्याची वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, त्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी. थंडीत हे, इतर दिवसांत शेवभाजी. जेवून, हात धुऊन, बडीशेप तोंडात टाकली की मी विचारायचो, हं, कसं झालं आज? माझ्या आवाजात मी मुद्दाम बेफिकिरी आणायचो. छान, कुंदाताई म्हणायच्या. छान झालं, पितांबर म्हणायचा. एक नंबर, रुपचंद म्हणायचा आणि बसच्या वेळेकडे बघायचा. बन्सीलाल नुसता मान डोलवायचा, पण ती मान भरितासाठी डोलत होती की तापीच्या पुरासाठी ते कळायला मार्ग नव्हता. तरी मी ते शब्द आठवडाभर चघळायचो. ऑफिसात कापडावर वाकलेला असताना आठवायचं, पितांबर आज छान म्हणताना थोडा थांबला होता. का थांबला असेल? मग मी स्वतःची समजूत घालायचो की त्याच्या दाढेत भाकरी अडकली असेल.

आबांची आठवण यायची अशा वेळी. आमचे आबा धरणगावचे, कापूस जोखण्यात जन्म गेला. एकदा बहिणीच्या सासरी आम्ही जेवायला गेलो होतो, मी लहान होतो, आणि वरणात मीठ इतकं की जीभ कातरली जावी. मी तोंड वाकडं केलं. आबांनी माझ्याकडे एकदाच बघितलं आणि वाटी पुढे करून अजून वरण मागितलं. परतताना बैलगाडीत मला ऐकवलं, ज्याच्या घरी बोट बुडवलं त्याच्या घरचं वाईट बोलायचं नाही, पोटात गेलेलं अन्न साक्ष देतं. अख्ख्या खान्देशात असंच आहे. लग्नात पंगतीवर बसलेला माणूस भाजी करपली तरी बोट चाटून दाखवतो. मी ह्याच मातीतला, आणि तरी इतकी वर्षं जेवून उठलेल्या माणसांना विचारत होतो, की बाबांनो, खरं सांगा.

हे डोक्यात शिरलं ते मार्गशीर्षातल्या एका रविवारी. मला सणसणून ताप होता. खेळ रद्द करा म्हणालो नाही, कारण रविवार गेला तर माझा आठवडाच जातो. मी काय बोललो ते मलाच धड आठवत नाही. एक दरोडा मी दोनदा घातला. मेलेला सराईवाला परत चहा घेऊन आला. आणि फारुकींच्या काळात चहा नव्हता हे माझ्याआधी पितांबरच्या लक्षात आलं असणार, तो असल्या बाबतीत काटेकोर आहे. पण सगळे खेळले. सगळ्यांनी पिशवीत हात घालून चकत्या काढल्या. जेवले. मी गोधडी पांघरून भिंतीला टेकलो होतो, तरी सवयीनं विचारलं, कसं झालं? छान, कुंदाताई म्हणाल्या. छान झालं, पितांबर म्हणाला. एक नंबर, रुपचंद म्हणाला. त्याच चालीत, त्याच क्रमानं. ताप उतरला, पण त्या दिवसानंतर मागचा एकही छान माझ्याजवळ खरा उरला नाही. मी एकेक काढून बघत होतो आणि सगळे खोटे निघत होते. कमलला म्हणालो, हे लोक मला फसवतात. ती म्हणाली, येतात, बसतात, जेवतात, आणखी काय पाहिजे तुम्हाला? मला काय पाहिजे होतं ते सांगता आलं असतं तर मी इथपर्यंत आलोच नसतो.

त्या हिरव्या पुस्तकात अगदी शेवटी दोन पानं होती. सांगणाऱ्यानं खेळणाऱ्यांना मोकळेपणानं विचारावं, त्यांनी मोकळेपणानं सांगावं, ऐकणाऱ्यानं मधे बोलू नये, असं काहीबाही. ती आम्ही कधी वाचलीच नव्हती. मी ती डिक्शनरी घेऊन पुन्हा पुन्हा वाचली, आणि मला वाटलं की आपली गफलत फक्त क्रमाची आहे. अमेरिकेत जेवणाचं काही लिहिलेलं नसणार, तिकडे लोक आपापलं खातात. आपल्याकडे मीठ आधी पोटात जातं आणि तोंड बांधून टाकतं. मग मीठ नंतर द्यावं. आधी बोला, मग जेवा. मी इतका खूश झालो की ऑफिसात साहेबाला गुड मॉर्निंग म्हणालो. कमलला सांगितलं तेव्हा ती वांग्यांना तेलाचा हात लावत होती. ती हात न थांबवता म्हणाली, "उपाशी मानसाले काई इचारू नका. उपाशी मानूस खरं नाई बोलत, कडू बोलतो." मी म्हटलं, तुझं आपलं काहीतरीच.

पौषातला तो रविवार. खेळ मी त्या दिवशी जीव तोडून केला होता, हे कुणीही नाकारणार नाही. यावल पलीकडचे डोंगर, त्यातली खिंड, खिंडीत धुकं. संपला, आणि आत भरिताला फोडणी पडली. लसणीचा, मिरचीचा वास बाहेरच्या खोलीत आला. रुपचंदनं बाह्या वर सरकवल्या. मी म्हणालो, थांबा, आज जरा वेगळं करू. आधी बोला, मग जेवा. खेळाबद्दल ज्याला जे खुपतं ते सांगा, मी मधे बोलणार नाही. सगळे हसले. मी हसलो नाही तेव्हा तेही थांबले. वास येतच होता. जो तो आतल्या दाराकडे बघायला लागला. मला वाटलं, चला, खुपणारं काहीच नाही, आणि मी उठायलाच निघालो होतो, तेवढ्यात कुंदाताईंनी घसा साफ केला. त्या मुलींच्या शाळेत शिकवतात, वह्या तपासून तपासून त्यांचा आवाज एका पट्टीत गेलेला आहे.

"आधारभाऊ, तुम्ही विचारता, काय करता. पण आम्ही काहीही केलं तरी व्हायचं तेच होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही ओढून ठेवलेल्या रेघेवरून आम्ही नुसतं बोट फिरवतो."

मग पितांबरनं सुरू केलं, आणि तो तर पुरावे घेऊनच आला होता. डोंगरातून जायचं आम्ही जेव्हा जेव्हा ठरवलं तेव्हा तेव्हा दरड कोसळली. नावेतून जायचं ठरवलं तर नाव फुटली. शेवटी तुझ्या त्या सराईतच नेऊन बसवलंस आम्हाला, कारण तुला तिथला नाच सांगायचा होता. रुपचंद अजून हसतच होता, पण धुळ्याची बोली त्याच्या तोंडात येते ती तो रागावला की. "मना घोडावाला मुका शे का रे भो?" तो म्हणाला. पारोळा, एरंडोल करत हाडं खिळखिळी करून घेत तो येतो, आणि त्याच्या माणसाला कितीतरी रविवारांत कुणी काही विचारलेलंच नाही. मधे बोलायचं नाही असं मीच म्हणालो होतो ना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी बन्सीलालकडे बघितलं. तो माझा सगळ्यात जुना दोस्त, फुले मार्केटात कापडाचं दुकान, गिऱ्हाइकाला कधी नाही म्हणत नाही. मला वाटलं तो तरी सांभाळून घेईल.

"मला खेळाचं काही नाही," तो खाली बघत म्हणाला. "पण तुझ्या मनासारखं झालं नाही की तुझं तोंड उतरतं, आधार. मग आम्ही खेळत नाही, तुझ्या तोंडाकडे बघत बसतो."

आणि ते खरंच माझ्या तोंडाकडे बघत होते. चौघंही. ते तोंड कसं ठेवायचं हे मला समजेना. हसावं तर गाल हलत नव्हते, आणि न हसावं तर बन्सीलाल म्हणाला ते तिथल्या तिथे सिद्ध होत होतं. मी म्हणालो, बरं. म्हणालो, चला, पानं वाढलीत. चांगल्याच आवाजात म्हणालो, असं मला वाटतं. पण कुणी उठेना. मग कुंदाताई उठल्या त्या एकदम पर्स घेऊनच, त्यांचं डोकं चढलं होतं. पितांबरकडे कुणीतरी येणार होतं. रुपचंदची बस. बन्सीलाल सगळ्यात मागे राहिला, दारातून आत बघून म्हणाला, वहिनी, आज पोटाचं जरा बरं नाही. खोटं कसं बोलावं हेसुद्धा ज्याला कळत नाही त्याला दुकान कसं चालवता येतं देव जाणे. मला त्यांचा राग आला नाही. मला समजलं होतं. इतकं बोलून झाल्यावर त्या घरात बोट कसं बुडवायचं? आबा असते तर तेही उठून गेले असते. कमल दारात परात धरून उभी होती. तिनं मांडलेली पानं एकेक करून उचलली, भाकऱ्या फडक्यात बांधल्या. "माह्या घरातून मानसं उपाशी गेली," एवढंच म्हणाली ती, आणि नंतर बरेच दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. रविवारची वांगी मागवणं तिनं बंद केलं. त्या चौघांचं काय व्हायचं ते होवो, पण ह्या बाईचा कमीपणा झाला तो माझ्यामुळे, हे मला कळत होतं, आणि ते तिला म्हणून दाखवायला मला जमलं नाही.

पुढचे महिने मी एका विचारावर काढले. तो विचार मिठाचा. मी म्हणायचो, माणसं वाईट नाहीत, खेळही वाईट नाही, रीत आड आली. जेवणाआधी विचारलं तर कडू, जेवणानंतर विचारलं तर गोड. मग खरं कधी? बहुतेक कधीच नाही, आपल्याकडे ते होणारच नाही, आणि जे होणारच नाही त्याचं दुःख किती करायचं? ह्यात माझी एक सोय होती, की दोष कुणावरच येत नव्हता. संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन पितांबरकडे गेलो. त्यानं बसवलं, चहा दिला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, रविवार कसे जातात? तो म्हणाला, कुठचे रविवार, पेपर तपासणं, अमुकतमुक, ते खेळाचं वेड गेलं रे सगळ्यांचं, वय झालं. मी म्हणालो, हो ना. मला खरंच बरं वाटलं. कुणाचंच चालू नाही म्हटल्यावर माझं बंद पडलेलं मला चालत होतं. आपलं एकट्याचं घर जळालं की रडू येतं, आळीच जळाली की माणूस दम धरतो.

आणि आता ह्या चपला. वर कुणीतरी खदखदून हसलं, बहुतेक कुंदाताई. पण कुंदाताईंना मी असं हसताना कधी ऐकलं नव्हतं, म्हणून खात्री देता येत नाही. मला निघून जायचं होतं. मी समोरच्या रसवंतीच्या ताडपत्रीखाली सरकलो, तिथेच रेंगाळलो, उगाच तिथल्या कुणाच्या तरी सायकलच्या चाकाला बोटानं दाबून हवा बघितली. किती दिवसांपासून चालू असेल? संक्रांतीला पितांबर बोलला तेव्हा चालू होतं? त्याच्या मागच्या रविवारी? की माझ्याकडून उपाशी उठले त्या संध्याकाळीच हे सगळे सरळ इथे येऊन जेवले? हा विचार आला आणि मी तो दोन्ही हातांनी ढकलला, तरी तो पुन्हा येऊन बसला. तेवढ्यात लताबाई कोपऱ्यावरून बर्फाचा तुकडा फडक्यात धरून लगबगीनं आल्या, आणि मला बघून थबकल्या. क्षणभरच. बाई मोठ्या घरच्या, लगेच सावरल्या. अहो आधारभाऊ, उन्हात काय उभे, वर चला ना, सगळे आहेत. मी म्हणालो, नाही, वाळा शोधत होतो. त्या म्हणाल्या, वाळा कुठे जात नाही. बर्फ वितळत होता, त्यांच्या मनगटावरून पाणी ओघळत होतं, आणि मी नाही म्हणालो असतो तर त्यांना तसंच उभं राहावं लागलं असतं. मी त्यांच्या मागून जिना चढलो.

मला बघून सगळे एकदम बोलले. बस, बस. कधी आलास. केवढं ऊन आहे. पितांबरचे कान लाल झाले. जागा करून दिली, तीही कूलरसमोरची, पाहुण्याची. आणि कुणी आणखी काही म्हणायच्या आत लताबाईंनी माझ्यापुढे आमरसाची वाटी ठेवली, त्यावर साजूक तूप, शेजारी मांडा. आधी रस घ्या, त्या म्हणाल्या. मी खाल्ला. रस गार होता आणि फार चांगला होता. पितांबर म्हणाला, आलाच आहेस तर नावाडी हो. तांडा तापीवर अडला आहे, पलीकडे नेणारी एकच नाव आहे, ती तुझी. मी म्हणालो, अरे नको. पण झालो.

आणि काय सांगू, चांगलं चाललं होतं. मी शपथेवर सांगतो. पितांबर सांगत होता ते काही फार रसाळ नव्हतं, त्याला धुकं सांगता येत नाही, वारा सांगता येत नाही. पण तो विचारायचा आणि थांबायचा. मुका घोडेवाला म्हणाला, मी घोडे विकून नावाड्याला पैसे देतो, आणि सांगता सांगता रुपचंदचा आवाज जड झाला, त्या नसलेल्या घोड्यांसाठी, आणि कुणी हसलं नाही. कुंदाताईंची वैदूबाई म्हणाली, मग मी पुढे येत नाही. असं करता येतं हेच मला कधी सुचलं नव्हतं. मग पितांबर माझ्याकडे वळला. नावाडी, तू काय करतोस? मी त्याच्या तोंडाकडे बघितलं, त्याला काय हवंय ते दिसेल म्हणून. तिथे काहीच नव्हतं. त्याला खरोखर ठाऊक नव्हतं. समोर कोरं होतं आणि मी बोलेन ते होणार होतं. इतकी वर्षं मी ह्या खेळात होतो, पण खेळलो मी त्या घटकेला. मी म्हणालो, घोडे नको, मी ह्यांना फुकट नेतो. पितांबरनं पिशवी पुढे केली, चकती बरी आली, आणि तांडा पलीकडे गेला. वैदूबाई अलीकडे राहिली. पितांबर म्हणाला, आज इथपर्यंत.

लताबाईंनी पुन्हा रस फिरवला. आणि वाट्या तोंडाला लागलेल्या असतानाच, मांड्याचा तुकडा हातात धरून, कुंदाताई पितांबरला म्हणाल्या की तू रुपचंदचं बोलणं मधेच तोडलंस, त्याला अजून बोलायचं होतं. रुपचंद बोट चाटत म्हणाला, तोडलं म्हणजे काय, मारलंच. बन्सीलाल म्हणाला, आणि पुराचं काय झालं, पूर म्हणालास आणि विसरलास. पितांबर कान खाजवून म्हणाला, हो रे, विसरलोच. तुझ्या लक्षात होतं तर तेव्हाच म्हणायचं ना. ते हसले. बन्सीलालनं स्वतःच्या वाटीतला रस पितांबरच्या वाटीत ओतला. हे त्यांच्यासाठी काही विशेष नव्हतं, बघून कळत होतं की हे दर रविवारी असंच होतं, खाता खाता, खरकट्या हातांनी, भरल्या तोंडानं. मी वाटी धरून बसलो होतो. मिठाचा काही संबंधच नव्हता. आधी नाही, नंतर नाही. खान्देशाची रीत, आबांचं वरण, अन्न साक्ष देतं, हे सगळं मी इतके महिने उगाच उराशी धरून बसलो होतो. खाऊन उठलेला माणूस खरं बोलू शकत होता, माझ्यासमोर बोलू शकत नव्हता. बन्सीलालनं पौषात हेच सांगितलं होतं, स्पष्ट मराठीत सांगितलं होतं, आणि ते तेवढं एक सोडून बाकी सगळ्यावर मी विचार केला होता.

"आधारभाऊ, तुम्हाला कसं वाटलं?" कुंदाताईंनी विचारलं.

सगळे माझ्या तोंडाकडे बघू लागले. बन्सीलालनं वाटी खाली ठेवली. मला सांगायचं होतं की मी जन्मात असा खेळ खेळलो नाही. पितांबर थांबतो ते किती मोठं आहे, आणि वैदूबाई अलीकडे राहिली तेव्हा मला नाव परत वळवावीशी वाटली, आणि पूर विसरला ते बरंच झालं. हे सगळं ओळीनं माझ्या जिभेवर होतं. पण ते माझ्याकडे असे बघत होते, सावधपणे, तयारीनं, पेशंटला थर्मामीटर लावल्यावर बघतात तसे, की ह्यातलं काही बोललो तर त्यांना वाटणार, बिचारा मन मोठं करून दाखवतोय. आणि थोडं कमी बोललो तर वाटणार, अजून जळतोय.

"छान झालं," मी म्हणालो.

कुंदाताई म्हणाल्या, बरं वाटलं. पितांबरनं मान हलवली. खोलीत पुन्हा हवा खेळू लागल्यासारखी सगळे हलले, आणि लताबाईंनी विचारलं, भाऊ, अजून थोडा रस? मी घेतला. तो संपवला, हात धुतले, आणि उठलो. रुपचंदही निघाला होता, बससाठी. बन्सीलाल आम्हाला जिना उतरून खालपर्यंत सोडायला आला. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मला माहीत आहे, तो मनापासून ठेवला होता.

"कधीही येत जा रे आधार," तो म्हणाला. "घर तुझंच आहे." मग खाली वाकून बूट घालणाऱ्या रुपचंदला म्हणाला, "आणि तू, पुढच्या रविवारी पुन्हा उशीर केलास ना, तर दार उघडणार नाही."

मी बरं म्हणालो आणि माझी चप्पल शोधू लागलो.